परदेशी भाषेच्या वर्गात नाव घालताय? या चुका टाळा

विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलांच्या भाषावर्गाच्या तक्रारी साधारण तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात. एकाला वर्ग झेपत नाही, दुसरा जांभया देतो, आणि वर्ग बदलायची मुदत बहुतेक ठिकाणी तोवर उलटून गेलेली असते. मागे जाऊन पाहिलं की गोम प्लेसमेंट टेस्टमध्येच सापडते. टेस्ट म्हटलं की आपल्याला पास-नापास आठवतं. इथे पास व्हायचं नसतंच, कोणत्या वर्गात बसायचं एवढंच ठरतं.

म्हणून पहिली चूक म्हणजे घरबसल्या टेस्ट देताना शेजारी ट्रान्सलेशन अ‍ॅप उघडून ठेवणं. अनेक ऑनलाइन टेस्ट उत्तरागणिक बदलतात. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. अ‍ॅपच्या कृपेने चार-पाच प्रश्न सुटले तरी तुम्ही एक पायरी वर चढता, आणि मग वर्गात शिक्षक त्याच भाषेत सूचना द्यायला लागतात तेव्हा अ‍ॅप काही मदतीला येत नाही.

याच्या उलट वागणारेही असतात. चार वर्षं फ्रेंच शिकून मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची, पहिल्या लेव्हलला बसायचं आणि आयते मार्क घ्यायचे. खरं सांगायचं तर मला ही चलाखी जास्त खटकते, कारण शेजारी खरोखर पहिल्यांदा ‘बोंजूर’ म्हणणारा मुलगा उगाच स्वतःला ढ समजायला लागतो. शिवाय यात तुमचंही नुकसान होऊ शकतं. शाळेतच दिलेल्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) परीक्षेच्या गुणांवर वरच्या लेव्हलचं क्रेडिट आधीच मिळालं असेल, तर खालचा कोर्स केल्यावर ते रद्द करणारी विद्यापीठं आहेत. नियम आधी वाचा.

प्रमाणपत्राची गंमत वेगळीच. भाषा किती येते हे मोजणारी कौन्सिल ऑफ युरोपची ए-१ ते सी-२ ही सहा पायऱ्यांची चौकट २००१ साली प्रसिद्ध झाली आणि आता सगळीकडे तीच बोलली जाते. पण ‘ए-२ झालंय’ म्हणजे तिसरं सेमिस्टर, असं सरळ गणित नसतं. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत सर्वांत सोप्या एन-५ पासून सर्वांत अवघड एन-१ पर्यंत पाच पातळ्या आहेत, आणि त्यात बोलण्याची परीक्षाच नसते. त्यामुळे एन-३ झालेला विद्यार्थी उतारा झरझर वाचतो आणि ‘काल काय केलंस?’ एवढ्यावर गप्प होतो. आयबीमध्येही नुसतं ‘स्पॅनिश होतं’ म्हणू नका. ‘अ‍ॅब इनिशिओ’ म्हणजे शून्यापासून, ‘लँग्वेज बी’ म्हणजे आधी शिकलेल्यांसाठी. विभागाला नेमकं नाव सांगा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो घरात ती भाषा बोलणाऱ्यांचा. आजीशी तासभर गप्पा मारता येतात, पण वाचायला दिलं की अक्षर लागत नाही. व्याकरणाच्या टेस्टमध्ये असा विद्यार्थी तळाला जातो, तोंडी परीक्षेत माथ्यावर. दोन्ही निकाल खरेच असतात. घरी कँटनीज बोलणाऱ्याला चिनी वाचता येत असेल, तर मँडरिनच्या वर्गात अक्षरं ओळखीची वाटतील, उच्चार परके. घरची अरबी एखाद्या प्रदेशाची बोली असते, आणि वर्गात बहुधा प्रमाण लेखी अरबी शिकवतात. संकोच न करता हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. अशा मुलांसाठी काही विभागांत वेगळा वर्ग असतो, पण तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळणार?

एक बारीकशी गोष्ट: टेस्टच्या आधी त्या भाषेचा कीबोर्ड लावून घ्या. स्पॅनिशमध्ये ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. त्यातल्या ‘एन’वरची नागमोडी रेघ गाळलीत, तर तुमचं वय सांगणारं वाक्य थेट गुदद्वारापाशी पोहोचतं. शिक्षक हसून सोडून देईल, संगणक मात्र चूकच धरणार.

आता नावनोंदणी. ‘पूर्वअट पूर्ण नाही’ असा संदेश आला की मुलं घाबरून खालच्या वर्गात नाव घालतात. पुष्कळदा टेस्टचे गुण रजिस्ट्रेशनच्या सिस्टिममध्ये पोहोचलेलेच नसतात. विद्यार्थी क्रमांक, टेस्टची तारीख आणि निकालाचा स्क्रीनशॉट विभागाला पाठवा, उत्तराची वाट पाहा. वेटलिस्टवर असाल तर विचारून पहिल्या दिवसापासून वर्गात जाऊन बसा. भाषेच्या वर्गात आठवडाभराची गैरहजेरी भरून काढणं फार जड जातं. आणि ‘भाषा पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याआधी वेळापत्रक तपासा. काही लेव्हल वर्षातून एकाच सेमिस्टरला असतात. एक हुकली की वर्षभर खंड पडतो, आणि भाषा वापरात नसली की हातची जाते.

एवढं करूनही लेव्हल चुकल्यासारखी वाटली तर? पहिल्या आठवड्यावरून निर्णय घेऊ नका, तेव्हा बहुतेक वर्गांत उजळणीच चालते. पाठ्यपुस्तकात पाचव्या आठवड्याचा धडा उघडा. निम्माअधिक कळत असेल आणि फक्त बोलताना अडखळत असाल, तर जागा योग्य आहे, तिथेच थांबा. स्वाध्यायाच्या सूचनाही लागत नसतील किंवा सगळंच पाठ असेल, तर तो धडा घेऊन त्याच दिवशी शिक्षकांना भेटा. बदलाच्या मुदतीची शेवटची तारीख आधी पाहून जा.