इन्व्हर्टर म्हणतो ९२, मीटर म्हणतं ९०, मग बिलात ५२च का?

अमळनेर-पारोळ्याकडे घरांवर सोलर पॅनल बसवायचं काम करतो. बिल आलं की फोन येतोच, "भाऊ, मीटर युनिट खाई ऱ्हायनं का?" बहुतेक वेळा मीटर काही खात नाही. प्रत्येक यंत्र वेगळ्या जागी बसलंय आणि वेगळी गोष्ट मोजतंय.

इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र. मोबाइलच्या ॲपमध्ये त्याचं स्वतःचं मोजमाप दिसतं. जनरेशन मीटर बसवलं असेल, तर ते इन्व्हर्टरमधून निघालेली सगळी वीज मोजतं. नेट मीटर मात्र रस्त्याच्या तारेकडे तोंड करून आहे. बाहेर गेलेली वीज एक्सपोर्टमध्ये आणि आत आलेली इम्पोर्टमध्ये, एवढंच ते नोंदवतं. दुपारी तुमच्या कूलरने पॅनलची जी वीज वापरली, ती त्याला दिसतच नाही. विहिरीतून उपसलेलं पाणी वेगळं आणि आपलं रान भिजवून बांधापलीकडे गेलेलं वेगळं, तसंच हे.

पडताळणी अशी करा. सूर्य उगवायच्या आधी इन्व्हर्टरचं एकूण उत्पादन, जनरेशन मीटर, नेट मीटरचं इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट, असे चारही आकडे वहीत लिहा. मीटरची स्क्रीन बदलत राहते, म्हणून केडब्ल्यूएचचाच (kWh, म्हणजे युनिटचा) आकडा घ्या, केव्हीएएचचा (kVAh) नको, ते माप वेगळं. सात दिवसांनी त्याच वेळी परत लिहा आणि वजाबाकी करा.

समजा ३ किलोवॅटच्या घरात इन्व्हर्टर ९२, जनरेशन मीटर ९०, एक्सपोर्ट ५२ आणि इम्पोर्ट ३० आलं. ९० मधून ५२ गेले, ३८ युनिट घराने थेट वापरले. त्यात ३० मिळवले की घराचा एकूण वापर ६८. हिशोब जुळला.

राहिला ९२ आणि ९० मधला फरक. इन्व्हर्टरमधलं मोजमाप बिलासाठी बनवलेलं नसतं, त्यात दोन-तीन टक्के इकडे-तिकडे होतात. क्लास १ म्हणजे मीटरच्या अचूकतेचा दर्जा, अशा मीटरच्या चुकीची ठरलेली मर्यादा साधारण एक टक्का. ॲप पॅनलकडची डीसी वीज दाखवत असेल, तर एसी करतानाची घटही त्यात धरा. पाच टक्क्यांच्या वर फरक सतत दिसला, तर मात्र तपासायलाच हवं.

ॲपचा महिना १ तारखेला सुरू होतो, बिलाचा रीडिंगच्या दिवशी. निम्मी भांडणं इथेच मिटतात, म्हणून बिलावरच्या दोन तारखा आधी बघा.

मे महिन्यात ४५ अंशांत ऊन कडक, तरी युनिट अपेक्षेपेक्षा कमी, हे आपल्याकडे दरवर्षीचं. पॅनलची क्षमता त्यातल्या सेलचं, म्हणजे वीज बनवणाऱ्या चकत्यांचं, तापमान २५ अंश धरून लिहिलेली असते, आणि त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट होते. पण ती घट इन्व्हर्टरवर आणि जनरेशन मीटरवर सारखीच दिसेल. दोन्ही आकडे एकत्र उतरले तर कारण छतावर आहे: ऊन, धूळ, सावली. एकच उतरला तर कारण त्या यंत्रात किंवा त्याच्या वायरिंगमध्ये.

मीटरवरच शंका असेल, तर भर दुपारी गीझर लावा. एक्सपोर्टचा वेग लगेच पडला पाहिजे आणि जनरेशन मीटर पूर्वीसारखंच चाललं पाहिजे. तसं झालं नाही, तर वहीची पानं जोडून वीज कंपनीकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. तोंडी तक्रारीवर थांबू नका, आणि मीटरचं सील कुणालाही उघडू देऊ नका, मलाही नाही.