पाळतीचा नियम कसा वाचावा, हरकत कशी लिहावी

फोन टॅपिंगची बातमी आली की चर्चा दोन मिनिटांत 'देशाची सुरक्षा मोठी की तुमची प्रायव्हसी' इथे येऊन अडकते. त्या वादातून हाती काही लागत नाही. सरकार पाळतीच्या नियमांचा मसुदा काढून लोकांकडून हरकती मागवते; तेव्हा हरकत नोंदवायची असेल तर टॅपिंगच्या आदेशावर सही कोणाची आणि ती सही तपासणार कोण, इथे बोट ठेवावे.

आधी मूळ मसुदा मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सारांशावर हरकत लिहू नका. केंद्राचे मसुदे ई-राजपत्रात आणि त्या त्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. हरकतींची मुदत बहुधा 30 दिवसांची असते, त्यामुळे मराठी प्रतीची वाट पाहण्यात ती घालवू नका.

सरावासाठी दूरसंचार कायदा, 2023 खाली डिसेंबर 2024 मध्ये अधिसूचित झालेले इंटरसेप्शनचे, म्हणजे संदेश वाटेतच ऐकण्या-वाचण्याचे नियम घ्या. पेन्सिलीने सही, कारण, मुदत आणि तपासणी या चार गोष्टींखाली रेघ मारा.

सही केंद्रात केंद्रीय गृहसचिवांची, राज्यात राज्याच्या गृहसचिवांची. पण खरी गोम अपवादात असते. दुर्गम भाग किंवा कारवाईतली अडचण असे कारण असेल तर ऐकण्याची मुभा असलेल्या यंत्रणेचा प्रमुख किंवा त्याच्या खालोखालचा अधिकारीही आदेश देऊ शकतो. राज्यात तो पोलीस महानिरीक्षकापेक्षा कनिष्ठ चालत नाही. सात कामकाजाच्या दिवसांत वरून मंजुरी आली नाही, तर ऐकणे थांबवावे लागते.

कारणाच्या कलमात 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' हे शब्द आहेत का, ते पाहा. ते नुसते शोभेचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, कारण यांपैकी एकही परिस्थिती तिथे नव्हती. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाचा आधार न्यायालयाने घेतला होता. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 मध्ये ही अटच नाही. कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारण तिथे पुरते. नव्या मसुद्यात यातली कोणती भाषा उचलली आहे, यावर बरेच काही ठरते.

मुदत 60 दिवसांची, वाढवत नेली तरी एकूण 180.

तपासणीचे कलम मात्र दोनदा वाचा. केंद्रातल्या आढावा समितीत मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात अध्यक्षपदी मुख्य सचिव. दोन महिन्यांतून किमान एकदा बैठक. म्हणजे एका सचिवाच्या आदेशाची छाननी दुसरे सचिवच करणार, तीही बंद दाराआड. न्यायाधीश कुठेच नाही. माझ्या मते सगळ्या नियमांत सर्वांत कच्चा दुवा हाच.

आता लिहायला घ्या. एका कलमाला एक परिच्छेद: क्रमांक, अडचण आणि हवा असलेला बदल. 'हा काळा कायदा मागे घ्या' एवढेच लिहिले तर अधिकारी ते विरोधाच्या गठ्ठ्यात टाकून मोकळा होतो. त्यापेक्षा असे लिहा: 'आढावा समितीत उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांचा समावेश करावा. वर्षभरात किती आदेश निघाले आणि समितीने किती रद्द केले, याची संख्या सभागृहापुढे ठेवावी.'

याने फरक पडतो का? महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. तो कायदा पाळतीचा नाही आणि जुलै 2025 मध्ये विरोधाला न जुमानता मंजूरही झाला. पण संयुक्त समितीकडून परत आलेल्या मसुद्यात तपासाचा अधिकार उपनिरीक्षकाकडून उपअधीक्षकाच्या पातळीवर गेला होता. मिळाले ते थोडेच, पण तेही कलमावर बोट ठेवल्याशिवाय मिळत नाही.

नियम लागू झाल्यावर माहिती अधिकार वापरा. 'माझा फोन ऐकला जातो का' असे विचारलेत तर नकार ठरलेलाच. गृह विभागाकडे फक्त आकडे मागा: वर्षभरातले आदेश आणि आढावा समितीच्या बैठका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, शुल्क 10 रुपये. सुरक्षेचे कारण देऊन नाकारला, तर 30 दिवसांत पहिले अपील करा आणि त्यात ठळक लिहा की तुम्ही कोणाचेही नाव मागितलेले नाही, संख्या मागितली आहे.