‘साहसी’ या शब्दापाशी अडलेलं विश्लेषण

एम.ए.ला असताना ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधातल्या युक्तिवादाचं विश्लेषण करायचं होतं. मी सहा पानं भरली. भाषा धारदार, विचार काळाच्या पुढचे, शैली ओघवती. बाईंनी वही परत दिली तेव्हा समासात लिहिलं होतं, ‘निबंध आवडल्याचं कळलं. तो उभा कशावर आहे?’

दुसऱ्यांदा वाचायला घेतला तो पेन्सिल हातात धरून. प्रत्येक परिच्छेदाशेजारी त्यात काय सांगितलंय ते लिहायचं नाही, तो परिच्छेद कोणतं काम करतो तेवढंच लिहायचं: आरोप, उत्तर, दाखला, उलट सवाल. आपल्याकडे पूर्वपक्ष (ज्याला उत्तर द्यायचं ते मत) आणि उत्तरपक्ष (ते उत्तर) हे शब्द आहेतच. नवख्या विद्यार्थ्यानं आधी पूर्वपक्ष शोधावा, असं मला मनापासून वाटतं. लेखक कुणाला उत्तर देतोय हे कळल्याशिवाय त्याच्या उत्तराचं वजन कळत नाही.

इथला पूर्वपक्ष ठसठशीत आहे. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच नीतीवर टीकेची झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी 1882 मध्ये हा निबंध छापून त्या टीकेला उत्तर दिलं. शीर्षकातच प्रश्न आहे, ‘स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण’.

मी इथेच फसले होते. ‘साहसी’ म्हणजे शूर असं धरून मी अख्खं विश्लेषण रचलं होतं. पण स्त्रीला ‘साहसांचं नगर’, संशयांचा भोवरा म्हणणारा एक जुना संस्कृत श्लोक आहे. त्यातलं साहस म्हणजे अविचारी, बेगुमान कृत्य. ताराबाई त्यातला एकेक दोष उचलतात आणि विचारतात, हा पुरुषांत नाही का? म्हणजे शीर्षकातला शब्द प्रतिपक्षाचाच, आणि त्या तो दोघांसमोर ठेवतात.

यानंतर निबंधाची घडण मला दिसू लागली. बायकांत दोष नाहीतच, असा त्यांचा दावा नाही. तसा तो असता, तर एका उलट उदाहरणानं कोसळला असता. त्यांचा दावा मर्यादित आहे: तेच दोष पुरुषांतही आहेत, मग शिक्षा एकीलाच का? बायको वारल्यावर नवऱ्यानं लगेच दुसरं लग्न केलं तर चालतं, विधवेला मात्र ती वाट बंद. सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली, बायकोसाठी असा कोणता पुरुष गेला? दाखले घरातले आणि पुराणातले, वाचणाऱ्या पुरुषांना नाकारता न येणारे.

कच्च्या जागाही नोंदवा, भक्तिभावानं त्या झाकू नका. रागाच्या भरात ताराबाई अनेकदा ‘सगळे पुरुष’ म्हणून टाकतात, आणि ज्या सरसकटपणावर त्यांचा आक्षेप आहे तोच तिथे त्यांच्याकडून होतो. पण मूळ दाव्याला सगळ्या पुरुषांची गरजच नाही. तोच दोष असलेले, तरी बिनशिक्षा सुटणारे पुष्कळ पुरुष असले तरी तो टिकतो. हे मी दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं. तो दोनच पानांचा झाला, आणि या वेळी बाईंनी समास कोरा ठेवला.