हॉल ऑफ फेममध्ये कोण पाहिजे, हा वाद नीट कसा घालायचा

मुंबईत क्रिकेटवर वाद घालायला कुणाला शिकवावं लागत नाही. पण अमका हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, पाहिजेच हा वाद बहुतेक लोक चुकीच्या टोकाने सुरू करतात, म्हणजे नावापासून. मे 2025 मध्ये वानखेडेच्या स्टँडना रोहित शर्मा आणि अजित वाडेकर यांची नावं दिली तेव्हा मी जिथे जिथे उभा राहिलो तिथे एकच भांडण चालू होतं, याचं नाव लागलं मग त्याचं का नाही, आणि तासभर बोलून कुणी कुठेच पोचत नव्हतं, कारण नाव लावायचं ते कशासाठी हेच कुणी आधी विचारलं नव्हतं. आमच्या ग्रुपमध्ये हे मतदान दर पावसाळ्यात होतं. काही जुने क्लब क्रिकेटर, काही स्कोअरर, बाकी आयुष्यभर बघत आलेले लोक. त्यातून जी पद्धत बसली ती इथे देतोय. चहा, खुर्च्या, जागा वगैरे तुमचं तुम्ही बघा.

आधी हॉल ठरवा

कुठला हॉल? मुंबईचा, भारताचा की जगाचा? हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवून वहीत लिहा, नाहीतर एक जण शिवाजी पार्कवरून बोलत राहतो आणि दुसरा लॉर्ड्सवरून, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. जगाचा म्हणजे आयसीसीचा, जागतिक क्रिकेट चालवणाऱ्या संस्थेचा. तो 2009 ला सुरू झाला, पहिल्याच यादीत गावसकर आणि बेदी होते. तो हॉल आंतरराष्ट्रीय क्रिकेट बघतो. मुंबईचा हॉल करायचा असेल तर रणजी आणि तिच्या आधीचं क्रिकेटसुद्धा धरावं लागतं. ही नावं वेगळी निघतात आणि तशीच निघायला पाहिजेत.

पाच वर्षांचा नियम ठेवा

निवृत्तीनंतर पाच वर्षं होईपर्यंत नाव घ्यायचं नाही. आयसीसीतही हेच आहे. अजूनही दर वर्षी कुणीतरी तावातावाने विचारतं की द्रविड 2018 ला आत गेला आणि सचिन 2019 ला, हे काय! यात काहीच नाही हो, द्रविड 2012 ला थांबला, सचिन नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर शेवटचं खेळला, पाच वर्षं मोजा. या नियमाने खेळत असलेल्यांवरची सगळी भांडणं बाजूला पडतात आणि अर्धी संध्याकाळ वाचते.

नावं मागवा

प्रत्येकाने एका कागदावर जास्तीत जास्त दहा नावं लिहायची. दहाच्या वर नाही. ज्यांची नावं जवळपास सगळ्यांच्या कागदावर आहेत त्यांच्यावर चर्चा करायचीच नाही. गावसकर, तेंडुलकर, विनू मंकड ही नावं वाचून पुढे जा.

काठावरची नावं

खरं काम इथे आहे. मला हा टप्पा खूप वर्षं छळत होता आणि यावरच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिला वाईट सल्ला, ‘अॅव्हरेज बघा ना, सरळ आहे’. सरळ अजिबात नाहीये. विनोद कांबळीचं टेस्ट अॅव्हरेज 54.20 आहे आणि दिलीप वेंगसरकरचं 42.13. नुसत्या अॅव्हरेजवर गेलात तर कांबळी आत आणि वेंगसरकर बाहेर. कांबळीची बॅटिंग ज्यांनी बघितली त्यांना मी काय सांगणार, 1993 ला लागोपाठच्या दोन टेस्टमध्ये 224 आणि 227, त्यातले 224 तर इथेच वानखेडेवर, इंग्लंडविरुद्ध. पण टेस्ट 17 आणि शेवटची 1995 ला. वेंगसरकर 116 टेस्ट खेळला, 17 सेंच्युऱ्या, त्यातल्या तीन एकट्या लॉर्ड्सवर, 1979, 1982 आणि 1986 ला. आणि 1986 ची हेडिंग्लेची टेस्ट काढून बघा, इंग्लंड 102 आणि 128 मध्ये गुंडाळलं गेलं त्या पिचवर या माणसाने 61 आणि नाबाद 102 केले. हे अॅव्हरेजमध्ये कुठे दिसतं? 2025 च्या यादीपर्यंत तरी वेंगसरकर आयसीसीच्या हॉलमध्ये नाही आणि माझ्या मते तिथला हा सरळसरळ अन्याय आहे.

दुसरा वाईट सल्ला जास्त धोकादायक, कारण ऐकायला अगदी न्यायाचा वाटतो. ‘तो आत आहे, मग हा का नाही?’ हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. कारण आत गेलेल्यांतला सगळ्यात कच्चा माणूस हीच पातळी धरली की दर वर्षी ती थोडी थोडी खाली जाते, आणि एकदा खाली गेली की वर आणता येत नाही, आत गेलेल्याला बाहेर थोडाच काढणार! आत कोण आहे ते विसरा, समोरच्या नावावर बोला.

तिसरा सल्ला, ‘संधी मिळाली असती तर’. इथे मुंबईकर हमखास भावनेत वाहून जातात, कारण आपल्याकडे अशी माणसं खरंच आहेत. पद्माकर शिवलकरांना एकही टेस्ट मिळाली नाही, डावखुऱ्या स्पिनरची जागा बेदीकडे होती. पण त्यांच्या बाजूने बोलायला उभं राहणारा माणूस ‘बेदी नसता तर’ म्हणून सुरू करतो तेव्हा तो त्यांचीच केस कमजोर करतो. जे घडलं नाही त्याच्यावर कुणी कशाला मत देईल? जे घडलं ते सांगा. 124 फर्स्ट क्लास मॅच (रणजीसारख्या वरच्या दर्जाच्या, अनेक दिवस चालणाऱ्या मॅच), 589 विकेट, अॅव्हरेज 19.69, म्हणजे एका विकेटमागे दिलेले रन. 1972-73 ची रणजी फायनल, चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध, पहिल्या डावात 16 रनमध्ये 8 आणि दुसऱ्यात 18 रनमध्ये 5, आणि मुंबईचं सलग पंधरावं विजेतेपद. आता मुंबईच्या हॉलसाठी यात ‘तर’ कुठे लागतो का? आणि हॉल जगाचा असेल तर शिवलकर बसत नाहीत, कितीही वाईट वाटलं तरी नाही. म्हणून म्हटलं, हॉल आधी ठरवा.

मग करायचं काय? काठावरच्या प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारायचा: याचं जे काम होतं त्या कामात, त्याच्या काळात, त्याच्या वर कितीजण होते आणि असं किती वर्षं होतं? प्रश्न साधा वाटतो पण त्यातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे, एकही गाळू नका.

‘याचं काम’ म्हणजे काय त्याला सगळ्यात चांगलं उदाहरण एकनाथ सोलकर. 27 टेस्ट, एक सेंच्युरी, बॅटिंग अॅव्हरेज 25 च्या आसपास, विकेट 18. आकडे वाचणारा इथेच पान उलटतो. पण त्याच 27 टेस्टमध्ये 53 कॅच आहेत आणि त्यातले कितीतरी फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅट्समनच्या अगदी पुढ्यात, हेल्मेट नसताना. सोलकरचं काम ते होतं. 1971 ला ओव्हलवर, ऑफस्पिनर व्यंकटराघवनच्या बॉलिंगवर त्याने पुढे झेपावून जमिनीलगत जो इंग्लंडचा विकेटकीपर अॅलन नॉटचा कॅच घेतला, तो नॉट पहिल्या डावात 90 करून गेलेला होता, आणि दुसऱ्या डावात इंग्लंड 101 मध्ये संपलं. आमच्याकडे हे नाव निघालं तेव्हा एका काकांनी कपाटाला टेकवलेला झाडू उभा धरून हा बॅट्समन म्हणून सांगितलं आणि सोलकर कुठे उभा राहायचा ते पावलं टाकून दाखवलं, मग गुडघे वाकवून, दोन्ही तळहात जवळजवळ फरशीला लावून थांबले, आणि जी पोरं फक्त स्ट्राइक रेटवर बोलतात ती उठून पुढे आली अंतर बघायला. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि व्यंकट या स्पिनर चौकडीच्या विकेटा मोजताना त्या कॅच कोण घेत होतं हेही मोजा. माझं मत सोलकरला, आणि कुठल्याही हॉलसाठी.

‘त्याच्या काळात’ हा तुकडा जुन्या लोकांसाठी. विजय मर्चंट फक्त 10 टेस्ट खेळले, मध्ये महायुद्ध आलं. 10 टेस्टवर कोण आत घेईल? पण फर्स्ट क्लास अॅव्हरेज 71.64 आहे आणि त्या यादीत वर ब्रॅडमन. डावखुरे स्पिनर पळवणकर बाळू यांच्या वेळी तर भारताला टेस्टच नव्हती, पण 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 विकेट घेतल्या, आणि ते दलित समाजातून आले होते आणि त्यांना कसं वागवलं जात होतं हे लक्षात घेऊन तो आकडा परत वाचा. त्यांना बाहेर ठेवून मुंबईचा हॉल होऊच शकत नाही, माझ्यासाठी हा विषय संपलेला आहे. डावखुऱ्या स्पिनर डायना एडलजींचंही तेच, 1976 पासून खेळल्या आणि टेस्ट मिळाल्या जेमतेम 20, कारण बायकांच्या टेस्ट व्हायच्याच किती? त्या 20 मध्ये 63 विकेट. आयसीसीने 2023 ला त्यांना घेतलं, भारतातल्या पहिल्या महिला खेळाडू म्हणून. पुरुषांच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला थांबवा, त्यांच्या काळातल्या डावखुऱ्या स्पिनर काढा आणि त्यांच्याशी करा. आणि दहा नावांच्या कागदावर एकही बाई नसेल तर तो कागद परत द्या, नीट विचार करून भरून आणायला सांगा.

‘किती वर्षं’ यावर आमच्यात सगळ्यात जास्त भांडण होतं. मी कमीत कमी पाच सीझन धरतो. थोड्या दिवसांचा लखलखाट आणि वर्षानुवर्षं टिकून राहणं यात मला दुसरं जास्त अवघड वाटतं, कारण दुसऱ्या वर्षापासून सगळे बॉलर तुमची कच्ची बाजू शोधून बसलेले असतात. म्हणून कांबळी नाही, वेंगसरकर हो. हे मत देताना वाईट वाटतं, तरी मी ते दर वेळी तसंच देतो.

एक गोष्ट आणखी. खेळाडू म्हणून एक आणि नंतर कोच, सिलेक्टर, कॉमेंटेटर म्हणून दुसरं, हे एकत्र कालवू नका. अमोल मुझुमदारचं नाव आता जोरात येतं, 2 नोव्हेंबर 2025 ला डी वाय पाटीलवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच तोच होता आणि तो आनंद मुंबईत कुणी विसरणार नाही. पण खेळाडू म्हणून त्याची केस 171 फर्स्ट क्लास मॅच, 11,167 रन आणि 30 सेंच्युऱ्या एवढ्यावरच उभी राहू शकते, आणि मुंबईच्या हॉलसाठी भक्कम उभी राहते. कोचिंगसाठी वेगळा रकाना करा. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये 2024 ला लिअँडर पेस खेळाडू म्हणून गेला आणि विजय अमृतराज खेळासाठी केलेल्या कामाबद्दल, दोन वेगळे रकाने, कुणाचाच मान कमी झाला नाही.

फिक्सिंगचं आधी ठरवा

नाव समोर यायच्या आत ठरवा, नंतर माणूस आवडता निघाला की नियम वाकतो. अमेरिकेत बेसबॉलवाल्यांचा पीट रोझवरून इतकी वर्षं घोळ चाललाय, 4256 हिट्स मारलेला माणूस, स्वतःच्या खेळावर सट्टा लावला म्हणून 1989 ला कायमचा बाहेर, आणि ती बंदी उठली 2025 ला, तो गेल्यानंतर. माझं मत कडक आहे: मॅच विकली हे सिद्ध झालं असेल तर कितीही रन असोत, नाही. तापट होता, सिलेक्टरशी भांडला, पेपरवाल्यांना शिव्या दिल्या, हे मोजायचं नाही.

मतदान

बेसबॉलच्याच हॉल ऑफ फेमकडून एक नियम सरळ उचला: 75 टक्के मतं मिळाली तर आत. निम्म्यावर ठेवलंत तर मित्रमंडळी जमवून कुणालाही आत घालता येतं. एकमताचा हट्टही धरू नका. जपानचा थोर बेसबॉलपटू इचिरो, त्याला 2025 ला 394 पैकी 393 मतं पडली, इचिरोला! एक माणूस कुठेतरी असणारच.

मत चिठ्ठीवर घ्या, हात वर करून कधीच नाही. हात वर करायचे म्हटलं की पोरं आधी सिनियर काकांकडे बघतात आणि मग हात वर जातो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता उघड मतदान होणार असेल तर मी बसतच नाही. चिठ्ठ्या मोजायला दोघं, त्यातला एक असा पाहिजे ज्याने चर्चेत तोंड उघडलेलं नाही.

पाच टक्केही मतं न मिळालेलं नाव पुढच्या वर्षी घ्यायचं नाही. पाच ते 75 टक्क्यांच्या मधली सगळी नावं दहा वर्षांपर्यंत चालू राहतात, आणि राहू द्या, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणीतरी जुनं स्कोअरबुक घेऊन येतं आणि मतं हलतात. निकाल लागला की प्रत्येक नावापुढे आत का किंवा बाहेर का हे एका ओळीत, आणि किती मतं पडली ते, त्याच रात्री वहीत लिहून काढा. सकाळी प्रत्येक जण वेगळंच सांगतो.