ग्लायोब्लास्टोमा, प्रतिकारशक्ती आणि घरची काळजी

मेंदूत ग्लायोब्लास्टोमा (मेंदूच्या कर्करोगाची वेगाने वाढणारी गाठ) निघाला की गावातून पहिला सल्ला येतो तो प्रतिकारशक्ती वाढवण्याचा. मग घरात गुळवेलीचा काढा शिजू लागतो. त्याआधी ही गाठ काय करते ते बघा. तिच्या पेशी टीजीएफ-बीटा हे प्रथिन सोडून टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थंड पाडतात आणि स्वतःच्या अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन आणून त्यांना थांबवतात. गाठीत 30 ते 50 टक्क्यांपर्यंत मॅक्रोफेज व मायक्रोग्लिया या राखण करणाऱ्या प्रतिकार-पेशी असू शकतात. राखणदारानेच चोराला जेवू घालावं तसे ते गाठीला पोसतात. बऱ्याच टी-पेशी अस्थिमज्जेतच (हाडांच्या आतल्या मगजात) अडकून राहतात. काढ्याने यातलं काहीच सुटत नाही. उलट गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि टेमोझोलोमाइडच्या (या गाठीवरच्या केमोच्या) कॅप्सूल चालू असताना तो धोका नकोच.

इम्युनोथेरपीसाठी (प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणाऱ्या औषधांसाठी) शेत गहाण टाकायच्या आधी थांबा. उपचारानंतर पुन्हा उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमात निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने, बेव्हॅसिझुमॅब या गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधापेक्षा आयुष्य वाढलं नाही. डॉक्टरांना एवढं विचारा: गाठीत मिसमॅच रिपेअरचा (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करण्याच्या यंत्रणेचा) दोष आहे का? असला तर गोष्ट वेगळी, पण तो क्वचितच असतो.

घरात खरं लक्ष हवं डेक्सामेथासोनकडे. मेंदूची सूज उतरवणारी ही स्टेरॉइडची गोळी (डेक्सा) आधीच थकलेल्या टी-पेशी आणखी कमी करते, साखरही वाढवते. ती सकाळी, जेवून द्या. उशिरा दिली तर रात्रभर झोप नाही. बरं वाटलं म्हणून, किंवा पट्टी संपली म्हणून, एकदम बंद करू नका: शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर मंदावलेलं असतं, माणूस कोसळू शकतो. डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या कागदाप्रमाणेच. साखर प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासून मिळते.

शेकाई (रेडिएशन) चालू असताना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा आणि रिपोर्टमध्ये लिम्फोसाइटचा (टी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशींचा) आकडाही बघा. न्यूमोनिया टाळायला को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक लिहून दिलं असेल तर ते वगळू नका. बुरशी लागलेलं कुटार उपसणं, गोठा झाडणं दुसऱ्या कुणाकडे द्या. टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल उघडू नका. मे महिन्यात टिनाच्या घरात त्या तापतात, म्हणून थंड, कोरड्या जागी ठेवा.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर तासाभरात दवाखान्यात निघा, सकाळच्या एसटीची वाट बघू नका. डेक्सामुळे ताप लपूही शकतो. खोकला, धाप किंवा गुंगी दिसली तरी हाच नियम. सोबत डेक्साचा कागद आणि शेवटचा सीबीसी घ्या.