आधी मागचं बघा, मग फूल

भाद्रपदात कासच्या पठारावर गेलेला माणूस आधी फूल शोधतो, त्याच्यावर वाकतो आणि फोटो काढतो. घरी येऊन बघतो तर फूल झकास, पण मागे गवताच्या काड्या, कुणाचा तरी बूट आणि कोपऱ्यात भगभगीत पांढरं आभाळ. मी साताऱ्याचा, पठार घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, त्यामुळे हंगामात फेऱ्या होतातच. मी उलटीकडून सुरुवात करतो. चांगला रंग कुठे पसरलाय ते आधी हेरायचं आणि मग त्या रंगापुढे उभं असलेलं फूल शोधायचं. फुलांना तिथे तोटा नाही. मागचा रंग मात्र जागा बघूनच मिळतो.

सीतेची आसवं घ्या. जांभळट निळं, इवलंसं फूल, ओल्या जमिनीत गेंदाच्या सोबतीनं उगवणारं. नुसत्या हिरव्या गवतावर टिपलं तर ते बुडून जातं, कारण निळा आणि हिरवा शेजारचे रंग, दोघांचा उजेडही साधारण सारखाच. त्याच्या मागे हातभर अंतरावर सोनकीचा पिवळा पट्टा आला की जांभळा एकदम उठतो. फक्त पिवळा हा दांडगा रंग आहे. पूर्ण फ्रेम त्याला दिलीत तर नजर फुलावर थांबतच नाही. मी पिवळा एका बाजूला, साधारण तिसरा हिस्सा ठेवतो आणि बाकीचं हिरवं. ढगाची सावली सोनकीवर सरकेपर्यंत थांबता आलं तर आणखी उत्तम.

सोनकी पुढे आणि तेरड्याचा गुलाबी मागे, हा फोटो सगळ्यांना आवडतो. मला तो भडक वाटतो. त्यापेक्षा गेंदाचा पांढरा गोंडा त्याच गुलाबीपुढे धरा. पांढऱ्याला कुठलाही रंग चालतो आणि मागचा गुलाबी पुसट झाला की तो गोंडा अधांतरी तरंगल्यासारखा दिसतो. मात्र गेंदावर वाकताना अंगात लाल-निळा रेनकोट नको. त्याची झाक त्या पांढऱ्यावर उतरते आणि नंतर कॉम्प्युटरवर काढता काढता नाकी नऊ येतात.

आता अंतराचं. बॅकग्राउंड पुसट होण्यासाठी लोक ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, उघडत सुटतात (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). पण इतक्या जवळून फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, मुळातच जेमतेम असते. फूल सेन्सरवर निम्म्या आकाराचं पडेल इतकं जवळ गेलात तर क्रॉप (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ ८ लासुद्धा दोन मिलिमीटरच्या आसपासच. एफ २.८ ला एक पाकळी मिळेल, बाकी सगळं धूसर. मी एफ ८ वर राहतो आणि ज्याच्या मागे मोकळी जागा आहे असं फूल निवडतो: बांधाच्या कडेचं, उंचवट्यावरचं, रस्त्यालगतच्या चरावर झुकलेलं. मागची झुडपं मीटरभर लांब असली तर एफ ८ लाही तिथे नुसता रंग उरतो. गवत फुलाला चिकटूनच असेल तर कुठलंही ॲपर्चर वाचवत नाही. डीएसएलआर असेल तर डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण जरूर दाबा, फोटोत फोकसची खोली किती येईल ते आधीच दिसतं. व्ह्यूफाइंडर तुम्हाला उघड्या ॲपर्चरचं चित्र दाखवतो, त्यात न दिसणाऱ्या काड्या फोटोत हजर होतात.

१०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स मला आवडते ती याच कारणासाठी. तेवढ्या जवळून फुलाच्या मीटरभर मागे तिला जेमतेम वीतभर रुंदीचा तुकडा दिसतो. डोकं चार बोटं डावीकडे नेलं की हिरव्याचा गुलाबी, आणखी जरा खाली गेलं की आभाळ. शटर दाबण्याआधी असं डोकं फिरवून घ्याच.

मोबाइलवाल्यांची अडचण नेमकी इथेच आहे. बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो मोड अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर चालतो, म्हणजे फुलाबरोबर अख्खं पठार आणि त्यावरची गर्दी आत येते. तो बंद करा, दोन पट किंवा तीन पट झूमची लेन्स घ्या, मागे सरका. फूल थोडं लहान येईल, येऊ द्या, नंतर कापता येतं. पोर्ट्रेट मोड मोठ्या फुलाला ठीक, पण तेरड्यासारख्या नाजूक कडांवर तो पाकळीच पुसून टाकतो.

एक्स्पोजरमध्ये मागचा रंग कॅमेऱ्याला फसवतो. मागे काळोखी झाडी असली तर कॅमेरा फोटो उजळवतो आणि गेंदाचा पांढरा जळतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे एक. मागे पांढरं आभाळ असलं तर फूल काळवंडतं, तेव्हा अधिक एक. तेरडा आणि कळलावीचं दुखणं वेगळं. तिथे लाल चॅनल आधी भरतो आणि पाकळीवरच्या शिरा जाऊन सपाट डाग उरतो. रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा, लाल उजव्या भिंतीला टेकला की त्याच सेटिंगवर दोन तृतीयांश कमी करा. ओल्या पानांची चकाकी खुपत असेल तर पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा चकाकी कापणारा फिल्टर, फिरवा. हिरवा गडद होतो, पण उजेडही घटतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि वाऱ्यात फूल हलत असेल तर ते महागात पडतं.

एवढं करूनही मागे काही चांगलं नसेल तर काळी छत्री. फुलाच्या मागे दोन हातांवर उघडून धरायला सोबतच्या माणसाला सांगा. फुलावर उजेड आणि छत्रीची आतली बाजू सावलीत असली की मागे मखमली काळा मिळतो, शिवाय वाराही अडतो. पांढऱ्या आणि पिवळ्या फुलांना हे शोभतं. निळ्याजांभळ्यांना नाही, ती काळ्यात विरतात. घरच्या गच्चीवर गोकर्णासाठी मी फिकट पिवळा कार्डपेपर वापरतो, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो. झाडाच्या मागे वीतभर नाही, चांगला दोन हात लांब, नाहीतर कागदाचा पोत आणि फुलाची सावली दोन्ही दिसतात.

आड येणारी काडी उपटू नका, कपड्यांच्या चिमट्यानं बाजूला धरून ठेवा आणि निघताना सोडा. पठारावर जमिनीलगतचा कोन हवा म्हणून आडवं पडायचा मोह होतो, पण तुमच्या पोटाखाली शंभर आसवं चिरडतात. पायवाटेच्या कडेला बसा, स्क्रीन उघडून कॅमेरा खाली धरा. कडेलाही फुलं भरपूर असतात, आणि शनिवार-रविवार टाळून सकाळी लवकर पोचलात तर मागे बूटही येत नाहीत.