स्कूटर थरथरते, पण केव्हा?

आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा कोर्स करून मी दापोलीत एका गॅरेजला लागलो, त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हर्णै बंदरावरचे एक काका 110 सीसीची स्कूटर घेऊन आले. "गाडी सुरू केली की पायाला मुंग्या येतात रे. उचलताना तर अंग झाडते." त्यांनी एवढं सांगितलं आणि मी दहा मिनिटांत किक कव्हर, म्हणजे बेल्टच्या डब्याचं झाकण, खोललं. गाडी चालवून बघितली नाही की आणखी काही विचारलं नाही.

आत जे दिसलं त्याने माझी खात्रीच पटली. बेल्टला आडव्या बारीक चिरा पडलेल्या, व्हेरिएटरचे रोलर एका बाजूने घासून चपटे झालेले, क्लच शू काचेसारखे गुळगुळीत आणि क्लच बेलच्या आत गंजाचा तांबूस थर. (व्हेरिएटर म्हणजे इंजिनाकडची पुली, तिच्यामुळे बेल्टचं गुणोत्तर बदलतं. क्लचचे शू बाहेर सरकून बेल नावाच्या वाटीला घट्ट लागले की मागचं चाक फिरतं.) 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने गाडी काकांच्या पडवीत खाऱ्या हवेत उभी होती. मी बेल्ट आणि रोलर नवे टाकले, शू आणि बेल पॉलिश पेपरने घासले आणि गॅरेजसमोर एक फेरी मारली. गाडी लोण्यासारखी उचलली. काका खूश झाले आणि मी त्यांच्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. "उचलतानाचं गेलं. मुंग्या तशाच."

आमचे मालक शांतपणे म्हणाले, "कुठे थरथरते ते तू बघितलंस. केव्हा थरथरते ते विचारलंस का?"

या धंद्यात नवीन येणाऱ्यांनी हा प्रश्न पहिल्या दिवसापासून तोंडात ठेवावा. गिऱ्हाईक नेहमी जागा सांगतं: हँडल, सीट, पाय. पण थरथर लोखंडातून फिरते. मागच्या चाकातला दोष सीटखाली जाणवतो आणि इंजिनातला हँडलला. जागेवर भरवसा ठेवला तर धडधाकट पार्ट बदलले जातात. वेळ मात्र बहुतेक वेळा खरं सांगते.

गाडी उचलताना, म्हणजे साधारण 10 ते 25 च्या वेगात, झटके देत थरथरली आणि पुढे शांत झाली तर आधी क्लचकडे बघा. बेअरिंग वगैरे नंतर. शूवर चकाकी आली असेल, बेल तापून निळी पडली असेल, नाहीतर मागच्या पुलीतलं ग्रीस ओ-रिंगमधून, म्हणजे तिथल्या रबरी कड्यातून, निसटून शूवर आलं असेल. ग्रीस असेल तर नुसतं पुसून भागत नाही, ते आलं कुठून ते शोधावं लागतं. शूची धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका. आम्ही सुरुवातीला सर्रास उडवायचो आणि दिवसभर खोकायचो. आणखी एक, आपल्याकडे पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बेलवर गंजाची पातळ साय धरते. सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा उचलताना गाडी थरथरते आणि मग आपोआप शांत होते. अशी गाडी खोलू नका, गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवा.

चालू वेगातली थरथर जास्त फसवी असते. गिअरच्या बाइकवर त्याच वेगात गिअर बदलला की कळतं: थरथर बदलली तर इंजिनाची, तशीच राहिली तर चाकाची. स्कूटरला गिअरच नाहीत, मग काय करायचं? आम्हाला आसूदचा चढ-उतार कामाला येतो. चढावर 40 च्या वेगाला इंजिन जास्त फिरतं, कारण रेस जास्त द्यावी लागते आणि व्हेरिएटर बेल्टला खालच्या गुणोत्तरात, जणू खालच्या गिअरमध्ये, धरून ठेवतो. तोच 40 चा वेग उतारावर हलक्या रेसवर धरला की इंजिन कमी फिरतं. चाक मात्र दोन्हीकडे सारखंच फिरतं. चढावर आणि उतारावर थरथर अगदी एकसारखी असेल तर टायर, रिम, एक्सल, बेअरिंग बघा. चढावर वाढली, उतारावर विरली तर दोष बेल्टच्या डब्यात किंवा त्याच्या पुढे इंजिनात आहे. कोकणात राहायचा हा एक फायदा. सपाट गावातल्या मेकॅनिकने हे कसं करावं मला माहीत नाही. उतारावर चावी बंद करून बघायचा शहाणपणा मात्र कोणी करू नये.

त्याआधी टायरची हवा तपासा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक 110 सीसी गाड्यांना पुढे 22 पीएसआय आणि मागे एकट्यासाठी 29 लागते, डबलसीटला मागे 36. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मग चाक हाताने फिरवून रिमची आतली बाजू बघा. जांभ्याचा लाल चिखल तिथे बसतो आणि ऑक्टोबरात विटेसारखा वाळतो. एकदा मूठभर ढेकूळ खरवडून काढल्यावर गाडी ठीक झाली होती. त्याचे पैसे घ्यायची लाज वाटली, मालकांनी घेतले.

डबल स्टँडवर रेस देऊन निदान करू नका. चाकावर वजन नसलं की चांगली गाडीसुद्धा मागून थडथडते. नवीन पोरं हमखास इथे घसरतात आणि एक्सल बेअरिंग काढून बसतात.

माझी आणखी एक चूक इथेच सांगून टाकतो. व्हेरिएटरचा नट सोडताना पुली फिरू नये म्हणून मी तिच्या पंख्याच्या पात्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवला आणि एक पातं तुटलं. टिचभर तुकडा तो. पण ती पुली मिनिटाला हजारो वेळा फिरते. थरथर नसलेल्या गाडीला मी थरथर दिली आणि त्या पुलीचे पैसे पगारातून गेले. पुली धरायचा होल्डर मिळतो, तो घ्या. नट बसवताना वॉशर विसरू नका आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने करा. नट फिरवायच्या नुसत्या गनने ठोकून बसवलेला नट ढिला राहिला तर क्रँकचे आटे खातो. बेल्टची रुंदी व्हर्निअरने मोजायची आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायची. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. बेल्टवर बाणाची खूण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवा.

आता काकांची गाडी. मालकांनी मला तिच्यावर बसवून इंजिन चालू ठेवायला सांगितलं. गाडी जागेवर उभी, चाक थांबलेलं, तरी पायाखालचा पत्रा गुणगुणत होता. म्हणजे चाक संशयातून सुटलं आणि क्लचही सुटला, कारण आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, शू बेलला लागतच नाहीत. मग बेल्ट काढला, नट पुन्हा नीट आवळला आणि रेस न देता इंजिन काही सेकंदच चालवलं. गुणगुण तशीच. म्हणजे मी ज्या डब्यात एवढा खर्च केला होता, तो बेल्टचा डबाही सुटला. आयडलिंग कमी झालं तरी गाडी हलते म्हणून तेही तपासलं, ते बरोबर होतं.

मालक खाली वाकले आणि म्हणाले, "वास घे." मासळीचा वास होता.

काका फूटबोर्डवर मासळीचा क्रेट ठेवून फिरायचे. बर्फाचं खारं पाणी फटीतून खाली ठिबकायचं ते नेमकं इंजिनाच्या हँगरवर. या गाडीचं इंजिन चेसिसला थेट आवळलेलं नसतं. रबरी बुश असलेल्या एका हलत्या दुव्यावर ते टांगलेलं असतं, तोच हा हँगर. एकच सिलेंडर असल्यामुळे पिस्टनचा प्रत्येक ठोका इंजिनाला हलवतो. तो दुवा झुलून ती हालचाल गिळतो, म्हणून ती आपल्या पायापर्यंत येत नाही. काकांच्या गाडीत बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झाला होता आणि दुवा झुलायचाच थांबला होता. गाडी रोज चालायची तेव्हा तो कसाबसा हलत होता. दोन महिने उभी राहिली आणि गंजाने काम पूर्ण केलं. उलटी तऱ्हाही होते: बुश झिजून ढिले झाले की थरथर कमी पण वळणावर गाडीचं बूड हलतं. गिऱ्हाईक टायर बदलून येतं, बूड हलतच राहतं.

बोल्ट निघेना. गंज सोडवायचं तेल मारून दुपारभर ठेवला, ठोकला, शेवटी ग्राइंडरने कापला. नवा दुवा, नवे बुश, बोल्टला ग्रीस. गाडी सुरू केली आणि मी पत्र्यावर अनवाणी पाय ठेवला. हलकीशी धकधक होती, पण मुंग्या गेल्या होत्या.

बेल्ट आणि रोलर नाहीतरी संपलेच होते, त्यामुळे त्यांचे पैसे काकांनी कुरकुर न करता दिले होते. दुसऱ्या खेपेची मजुरी मालकांनी घेतली नाही. "पोराची शिकवणी झाली," ते काकांना म्हणाले. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. गाडी खोलण्याआधी चार गोष्टी लिहितो: जागेवर, उचलताना, कोणत्या वेगाला, रेस सोडल्यावर. पाचवा रकाना नंतर वाढवला: गाडीवरून काय वाहून नेता?

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी काका गाडी दाखवायला आले. क्रेटखाली जाड ताडपत्री घातली होती, कडा वर दुमडून. त्या ताडपत्रीत साठलेलं पाणी मात्र त्यांनी येताना आमच्या दारातच ओतलं.